प्लाउ लेन, विम्बल्डन: चाहत्यांच्या मालकीचं स्टेडियम

२००२ मध्ये लंडनमधला मूळ विम्बल्डन फुटबॉल क्लब सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन उभा केला. २०२० मध्ये तो जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर परतला. क्लबची बहुसंख्य मालकी डॉन्स ट्रस्ट या चाहत्यांच्या संस्थेकडे आहे: एक सभासद, एक मत, मग पैसे कितीही घाला. म्हणूनच इथलं तिकीट काढणं योग्य ठिकाणी खर्च वाटतं.

हेडन्स रोड स्टेशनवरून दहा मिनिटं चालत. क्षमता नऊ हजारांच्या आसपास, त्यामुळे मोठ्या सामन्याचं तिकीट आधीच घ्या. मुख्य स्टँड भक्कम. बाकीचे ठेंगणे, पण खेळ अगदी जवळून दिसतो. कमकुवत बाजू वँडल नदीची: सप्टेंबर २०२४ च्या पुराने मैदान खचलं आणि न्यूकॅसलविरुद्धचा चषक सामना न्यूकॅसलच्या मैदानावर हलवावा लागला.