ग्राउंड ऑर्किड घेतलं, झाड चांगलं पण माती बदला

आमच्या परभणीत ऑर्किड जगत नाही असं सगळेच म्हणायचे. तरी मागच्या जूनमधे गावाबाहेरच्या एका नर्सरीतून जांभळ्या फुलाचं ग्राउंड ऑर्किड आणलं, २५० रुपयाला, शास्त्रीय नाव स्पॅथोग्लॉटिस प्लिकाटा. हे झाडाला लटकणारं ऑर्किड नाही, जमिनीत वाढणारं आहे, बुडाशी कांद्यासारखी गड्डी असते आणि पानाला लांबच लांब निऱ्या पडलेल्या असतात, प्लिकाटाचा अर्थच तो. आईला तर ते पामचं रोप वाटलं.

रोप ताजं होतं, कीड नव्हती, फुलाची दांडी पण आलेली. पण नर्सरीवाल्या दादांनी सांगितलं की आहे तसंच ठेवा, रोज पाणी घाला, आणि तिथंच घोटाळा झाला. कुंडीत निव्वळ काळी माती भरलेली! पंधरा दिवसात पानं पिवळी पडायला लागली म्हणून कुंडी उलटी केली तर विटेसारखा ढेकूळच बाहेर आला, आतली मुळं तपकिरी, दाबली की सालपट हातात यायचं, पांढरी टणक मुळं मोजून चार. सडलेलं सगळं कापलं, मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), विटाचे बारीक तुकडे, कोळसा आणि थोडं जुनं शेणखत असं मिक्स करून लावलं, गड्डी अर्धी वर उघडी ठेवली, पूर्ण पुरायची नाही.

दुसरं म्हणजे बोअरचं पाणी. आमच्या बोअरला क्षार लई, कुंडीच्या काठाला पांढरं बसतं आणि पानाची टोकं करपतात, त्यामुळं पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी ड्रममधे साठवून तेच देते. सकाळचं ऊन चालतं, दुपारी मात्र हिरवी नेट पाहिजेच, एप्रिल-मेचं ऊन झेपत नाही त्याला.

श्रावणात नवी दांडी आली. फुलं एकदम फुलत नाहीत, खालून दोन-तीन उघडतात, ती गळेपर्यंत वरच्या कळ्या तयार, असं करत एकच दांडी दिवाळीपर्यंत चालली. एवढं देणारं फुलझाड माझ्या गच्चीवर दुसरं नाही, खरंच सांगते.

झाडाला पाचपैकी पाच, नर्सरीला तीन. आता शेजारी दोन नव्या गड्ड्या फुटल्यात, जून लागला की वेगळ्या करून एक बहिणीला लातूरला देणार आहे, आणि त्याच नर्सरीतून पिवळं पण आणायचंय, फक्त यावेळी घरी आल्या आल्या माती झाडून टाकणार.