दंडावरचा सेन्सर आणि फोनमधलं अ‍ॅप : सहा-सात महिने वापरल्यानंतर

मी इन्सुलिनवर आहे. पूर्वी दिवसातून चारदा बोट टोचायचे, आता दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी शुगर फोनवर पाठवतो. नवा सेन्सर लावल्यावर पहिल्या दिवसाचे आकडे फार मनावर घेऊ नका, तो तेव्हा बरेचदा भरकटतो.

खरी किंमत आकड्याची नाही, शेजारच्या बाणाची. १२० आणि बाण आडवा, तर निर्धास्त. तेच १२० आणि बाण खाली, तर गाडीची किल्ली बाजूला ठेवायची. बोट टोचून हे कधी कळलंच नसतं. दुसरा फायदा रात्रीचा. माझी सकाळची उपाशीपोटीची शुगर चढलेली असायची. रात्री ती फार उतरून मग उसळत असावी, असा डॉक्टरांना संशय होता. आलेखात मात्र रात्रभर रेघ सपाट आणि पहाटे चारनंतर चढ! पहाटे कॉर्टिसोलसारखी हार्मोन्स वाढतात, त्याचा हा प्रताप. रात्रीचा डोस कमी करायचा बेत तिथेच बारगळला. एचबीएवनसी या रक्तचाचणीवरून दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, चढ कुठल्या प्रहराचा ते नाही.

अलार्मचा मात्र जाच आहे. त्या कुशीवर झोपलं की सेन्सर दाबला जातो, शुगर ५५ दाखवतो आणि अख्खं घर उठतं. मीटरवर बघावं तर ९८. ७० चा अलार्म तरीही बंद करू नका. वरचा मी डॉक्टरांना विचारून १८० वरून २५० वर नेला, तेव्हा कुठे जेवणानंतरची बोंबाबोंब थांबली.

सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजतो. त्यामुळे शुगर झपाट्याने बदलताना तो काही मिनिटं मागे असतो. घाम फुटलाय, हात थरथरताहेत आणि फोन म्हणतोय सगळं ठीक, तर सरळ बोट टोचा. जुना मीटर आणि पट्ट्या म्हणूनच जपून ठेवल्यात.

रोजचा स्कोअर आणि शाबासकीचे बॅज मी बंद केले. आजारात गुणपत्रिका कशाला? ‘टाइम इन रेंज’ तेवढं बघते, म्हणजे ७० ते १८० च्या मधला वेळ. बहुतेक प्रौढांसाठी तो ७० टक्क्यांहून जास्त असावा असं धरतात.

आणि फोनचा बॅटरी सेव्हर! तो अ‍ॅपला गुपचूप झोपवतो, मग अलार्म वाजतच नाही. सेटिंगमध्ये जाऊन या अ‍ॅपला त्यातून वगळा आणि फोन अपडेट झाला की पुन्हा एकदा तपासा.