जर्मनीतलं घर, सोलापुरातून भरलेलं डिपॉझिट आणि गेलेले ३,४३,९०० रुपये

नवऱ्याला कंपनीने वर्षभरासाठी स्टुटगार्टला पाठवायचं ठरवलं, तेव्हा सोलापुरात बसूनच घर शोधायला लागलो. ज्यांनी जर्मनीत घर शोधलंय त्यांना ठाऊक आहे, दोन लहान पोरं असलेल्या परदेशी कुटुंबाला तिथे कुणी साधं उत्तर देत नाही. एकाचं आलं. सभ्य, पोरांच्या शाळेची चौकशी करणारं. पुढचं तुम्हाला सांगायला नको: मालक बाहेरगावी, चावी मध्यस्थाकडे, पैसे ‘सुरक्षित’ खात्यात, घर आवडलं नाही तर परत. करारनामाही आला. भाडं ८९० युरो. फुकटात देतोय असं वाटलं असतं तर आम्हीही सावध झालो असतो, पण तो माणूस तेवढा मूर्ख नव्हता.

डिपॉझिट २,६७० आणि पहिल्या महिन्याचं हीटिंगसकट भाडं १,०८०, मिळून ३,७५० युरो. बँकेचा दर आणि चार्जेस धरून ३,४३,९०० रुपये. त्यातले दीड लाख सासऱ्यांनी एफडी मोडून दिले होते.

बँकेत फॉर्म भरताना काउंटरवरच्या मुलीने खाते क्रमांकाच्या पहिल्या दोन अक्षरांवर पेनाचं टोक ठेवलं. ‘मॅडम, घर जर्मनीत ना? मग हे ‘ईएस’ कसं? जर्मनीचं ‘डीई’ असतं.’ तिथेच, त्या काउंटरवरच सगळं थांबायला हवं होतं. मी लगेच मेसेज करून विचारलं. क्षणात त्याचं उत्तर आलं, माझी मुलगी स्पेनमध्ये असते, खातं तिकडचं आहे. यात न पटण्यासारखं काय होतं? युरोपात एका देशात राहून दुसऱ्या देशातलं खातं वापरता येतं, हे खरंच आहे. विमानाची तिकिटं निघालेली, मागे लाईन लागलेली. काउंटरवरच्या मुलीने शिक्का मारला. ती दोन अक्षरं आजही डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

स्टुटगार्टला पोचलो तर पत्ता खरा निघाला, बिल्डिंगही खरी. बेलच्या पट्टीवर आठ आडनावं, त्यात त्याचं नाही. कंपनीचं हॉटेल आठवडाभराचंच होतं. मग दिवसाला ९५ युरोची एक खोली, एका शेगडीवर वरण-भात आणि सोबत नेलेली शेंगाचटणी. घरमालकाच्या सहीचा कागद नाही म्हणून पत्त्याची नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून टॅक्स नंबर नाही, मोठ्याची शाळाही अडली. जर्मनीत डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे. घर दाखवायच्या आत सगळं एकदम मागणारा चोरच समजा.

तिथल्या पोलिसांनी तक्रार घेतली, नंबर दिला आणि वर म्हणाले, पैसे भारतातून गेलेत, तिकडे बघा. इकडे सासरे पोलीस ठाण्यात गेले तर ‘गुन्हा जर्मनीत झालाय, तिकडे जा.’ बँक म्हणते, सही तुमचीच आहे. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला अख्खी दुपार बाकावर बसवून ठेवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही! कसला गुन्हा जर्मनीत? मेसेज सोलापुरात आले, पैसे सोलापुरातून गेले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०२ प्रमाणे असा मेसेज जिथून गेला किंवा जिथे मिळाला, तिथे चौकशी होऊ शकते. आणि १ जुलै २०२४ पासून कलम १७३ खाली हद्दीचं कारण सांगून परत पाठवताच येत नाही. हे काय सासऱ्यांनी त्यांना शिकवायचं? पगार कशाचा घेता मग?

पैसे गेल्याचं कळलं की त्याच मिनिटाला इथल्या नातेवाइकाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावा आणि बँकेला लेखी द्या. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही. पासपोर्टच्या प्रती अजिबात पाठवू नका. आमच्या चौघांच्या त्याच्याकडे आहेत, आता आमच्या नावाने तो कुणाला गंडवतोय देव जाणे.

सासऱ्यांनी कलम १७३(४) खाली वरिष्ठांकडे पोस्टाने अर्ज पाठवलाय, पोचपावती आलीय. तिथेही कुणी हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाणार आहोत, वकिलाशी बोलून झालंय.