गिअर ऑइल: नुसतं टॉप-अप की पूर्ण बदल?

मॅन्युअल गाडीचं गिअर ऑइल घरी बघायला घेतलं की प्रश्न हमखास येतो: कमी झालंय तेवढं भरायचं, की सगळं काढून नवं घालायचं? किलोमीटरच्या आकड्यापेक्षा फिलर प्लगच्या (गिअरबॉक्सवर ऑइल भरायच्या भोकाच्या बुचाच्या) भोकात घातलेलं बोट जास्त खरं सांगतं.

बऱ्याच हॅचबॅकना याची डिपस्टिक (पातळी बघायची पट्टी) नसते. गाडी सपाट हवी; फक्त पुढून उचलली तर पातळी चुकीची दिसते. चारही बाजू सारख्या उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. प्लगभोवतीची माती आधी ब्रशने काढा, मग प्लग खोला. ऑइल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं असावं. बोटाचं पेर खाली वाकवूनही कोरडं आलं, तर ऑइल कमी आहे.

बोटाला मधाच्या रंगाचं, स्वच्छ ऑइल लागलं आणि आत कोणता ग्रेड आहे हे माहीत असेल, तर टॉप-अप पुरे. मोठी सिरिंज आणि नळी घेऊन तोच ग्रेड भरा. काठावरून वाहू लागलं की थांबा. जास्त भरलं तर फेस होतो आणि ऑइल सीलवाटे बाहेर येतं. मात्र गिअर ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. कमी झालं म्हणजे कुठूनतरी गळतंय, बहुधा एक्सलच्या सीलमधून. ते न शोधता नुसतं भरत राहणं म्हणजे दुखणं लांबवणं.

ऑइल काळं पडलंय, जळकट वास येतोय किंवा गाडी जुनी घेतलीय आणि आत काय आहे ठाऊक नाही, तर पूर्ण बदलच करा.

सांगलीकरांसाठी आणखी एक कारण आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात गावभाग, मारुती चौकात पाणी शिरलं होतं. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी टॉप-अपवर सोडूच नका. गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या छोट्या तोंडातून, पाणी आत जातं. गाडी चालवली की ऑइल दुधाळ चहासारखं होतं, बेअरिंग गंजतात. न चालवता ड्रेन प्लग (ऑइल काढायचं तळाचं बूच) हळूच सैल केला, तर तळाला बसलेलं पाणी आधी येतं. इथे एका बदलात भागत नाही: नवं भरा, थोडे किलोमीटर फिरवा, पुन्हा काढून बघा.

एरवी बदलताना गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट करा. आधी फिलर प्लग सुटतो का बघा, मगच ड्रेन. उलट केलं आणि फिलरचा माथा गोल झाला, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी दारात अडकते. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा लगदा असणं चालतं. कपच्या दिसल्या तर गाडी मेकॅनिककडेच न्या. वायसर नवा घाला. लहान गाडीला साधारण 2 लिटर लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

ग्रेडमध्ये तडजोड नको. डब्यावर दाटपणाचा आकडा (80डब्ल्यू-90) आणि ऑइलचा दर्जा (जीएल-4, जीएल-5) लिहिलेला असतो. दुकानात 80डब्ल्यू-90 जीएल-5 सहज हातात दिलं जातं, पण ते मुख्यतः डिफरन्शियलसाठी (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसाठी) असतं. मॅन्युअलमध्ये जीएल-4 लिहिलं असेल तर तेच घ्या. जीएल-5 मधल्या जास्तीच्या गंधक-फॉस्फरसमुळे पितळी सिंक्रो रिंगा (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या कड्या) खराब होऊ शकतात आणि गिअर टाकताना खरखर सुरू होते.

काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. आणि रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर थेंब दिसला तर प्लग किंवा वायसर नीट बसलेला नाही.