घशाशी येणारी ॲसिडिटी: ताट बदलावं की घड्याळ?

घसा दुर्बिणीतून तपासून झालाय, डॉक्टरांनी रिफ्लक्सचं, म्हणजे पोटातलं आम्ल घशापर्यंत वर येण्याचं, निदान केलंय आणि गोळ्यांच्या जोडीला घरी काय करावं हा प्रश्न पडलाय, असं धरून लिहितो. सल्ले भरपूर मिळतात, पण गाळून घेतले तर मार्ग दोनच उरतात. एक म्हणजे ताटातलं आम्ल कमी करायचं. दुसरा, रात्रीचं जेवण लवकर उरकायचं आणि पलंगाची उशाकडची बाजू उंच करायची. मी दोन्ही बऱ्यापैकी नेटाने केलंय.

पथ्याचं आधी सांगतो, कारण कागदावर तेच जास्त पटतं. पोटातून वर येतं ते नुसतं आम्ल नसतं. प्रथिनं पचवणारं पेप्सिनही सोबत येतं आणि घशाच्या अस्तरात मुक्काम करतं. आजूबाजूला आम्ल नसेल तर ते गप्प असतं, पण कोला किंवा लिंबाचा रस असं २ ते ३ पीएचचं, म्हणजे चांगलंच आम्लधर्मी, काही वरून गेलं की पुन्हा जागं होतं. म्हणजे घशाला वरून घेतलेला घोटही पुरतो. शिवाय चॉकलेट, पुदिना, मद्य आणि तेलकट खाणं जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल करतं, असं मानतात. २०१७ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकांच्या मालिकेतल्या कान-नाक-घसा विषयाच्या नियतकालिकात एक तुलना आली होती. गोळ्या घेणाऱ्यांपैकी ५४.१ टक्के रुग्णांना लक्षणांत चांगला फरक पडला; अल्कलाइन (आम्लाच्या उलट गुणाचं) पाणी आणि भाज्या-फळं-धान्यांवर भर असलेला आहार घेणाऱ्यांत हे प्रमाण ६२.६ टक्के होतं. अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेला, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये, पण पथ्य थोतांड नाही एवढं त्यातून नक्की दिसतं.

तरीही माझं पथ्याशी फारसं जमलं नाही, आणि कारण जिभेचे चोचले नव्हे. कारण हे, की घसा उशिरा तक्रार करतो. छातीतली जळजळ बरी, खाल्ल्यावर तासाभरात काय बाधलं ते सांगून टाकते. घशाची सूज चढायला आणि उतरायला कितीतरी दिवस घेते. आज घसा खाकरतोय तो कालच्या टोमॅटोमुळे, परवाच्या कॉफीमुळे, की दोन दिवस फोनवर जास्त बोललो म्हणून? टोमॅटो बंद केला, बरं वाटलं. मग पुन्हा बिघडलं, तेव्हा कांद्यावर संशय गेला. हळूहळू प्रत्येक घास आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहायला लागला. सॉसच्या बाटलीमागची बारीक अक्षरं वाचायची, त्यात सायट्रिक ॲसिड सापडायचं, बाटली परत ठेवायची. जॅममध्ये तेच, डब्यातल्या टोमॅटोत तेच. एवढं करूनही निकाल लागतच नाही, याचा मला जास्त वैताग आला.

घड्याळाच्या मार्गात हा तपासच करावा लागत नाही. आडवं होण्याआधी तीन तास पोटात काही जायचं नाही, एवढा एकच नियम. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळणंही क्वचित होतं, त्यामुळे वर आलेलं आम्ल धुतलं जात नाही. म्हणून रात्र सांभाळण्यात अर्थ आहे. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली ठोकळे घालून १५ ते २० सेंटिमीटर उंची मिळते. उशांवर उशा रचल्या तर कमरेत वाकायला होतं आणि पोटावर दाबच येतो, तेव्हा तो उपाय नको. डाव्या कुशीवर झोपलं तर जठर अन्ननलिकेच्या तोंडाच्या खालच्या पातळीला राहतं, हे फुकटात मिळतं.

तोटे यातही आहेत. मध्यरात्री आपण घसरत पायथ्याशी पोचलेले असतो. शेजारी झोपणाऱ्यालाही तोच उतार सोसावा लागतो. घरातले जेवायला बसतात तेव्हा आपण पाण्याचा पेला घेऊन बसायचं, हे काही सुखाचं नाही. आणि खरा मुद्दा असा की, घशाचा रिफ्लक्स अनेकांना दिवसा, उभं असतानाच होतो. त्यांना नुसत्या उताराचा उपयोग बेताचाच होईल. ढोबळमानाने, सकाळी उठताना आवाज सर्वांत जास्त बसलेला असेल तर घड्याळापासून सुरुवात करावी, दुपारी जेवल्यावर खोकला सुटत असेल तर ताटापासून. माझी तक्रार सकाळची होती, त्यामुळे माझं मत थोडं झुकलेलं असणारच.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. व्हिनेगर घशाच्या रिफ्लक्सला मला उलटंच वाटतं. पेप्सिनला जागं करायला आणखी आम्ल कशाला? खायच्या सोड्याने क्षणभर उतार पडतो, पण त्यात सोडियम भरपूर आणि वर ढेकर येते, ती घशाशीच. रक्तदाब असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. मिठाच्या गुळण्या स्वरयंत्रापर्यंत पोचत नाहीत. मधाने बरं वाटतं, तेवढंच. जेवणानंतर च्युइंग गम चघळणं मात्र कामाचं, कारण लाळ वाढते आणि लाळ आम्ल मारते; फक्त ते पुदिन्याचं नको. घशाला आराम म्हणून चघळतो त्या बहुतेक गोळ्यांत मेंथॉल, म्हणजे पुदिन्यातलाच थंडावा देणारा घटक, असतं, तेही लक्षात ठेवावं. खाकरण्याची उबळ आली की पाण्याचा घोट घ्यावा, कारण खाकरण्यानेच सूज वाढते आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं.

घास अडकणं, वजन उतरणं, रक्त पडणं, मानेत गाठ लागणं किंवा तीन-चार आठवडे आवाज न सुटणं, यांपैकी काहीही असेल तर ताट-घड्याळ बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं.

बाकी मी कॉफी पितो, सकाळी आणि खाऊन झाल्यावर. टोमॅटोही दुपारी चालतो. दोन्हींतलं एकच जमण्यासारखं असेल तर निदान महिनाभर जेवणाची वेळ पाळून पाहा. ताटातल्या गोष्टी काढायच्याच झाल्या तर नंतर, एका वेळी एकच काढा, आणि घशाला उत्तर द्यायला दोन-तीन आठवडे द्या.