कुळागरातला सिमवाला व्हॉल्व्ह: ‘बॅटरी 10 वर्षे’ कधी खरी?

गोव्यात सावईवेऱ्यातल्या आमच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, दोन यंत्रं बसवली. एक तळ्यातल्या पाण्याची पातळी कळवतं, दुसरं स्प्रिंकलरच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह फोनवरून उघडतं-बंद करतं. दोन्हींत एनबी-आयओटीचं (थोडाच डेटा पाठवणाऱ्या यंत्रांसाठीच्या मोबाइल नेटवर्कचं) सिम, दोन्हींत तोच 3.6 व्होल्टचा, 19 अँपिअर-अवरचा लिथियम सेल, आणि दोन्ही खोक्यांवर तीच ओळ: ‘बॅटरी 10 वर्षे’. सेन्सरच्या बाबतीत मला ती पटते. व्हॉल्व्हच्या बाबतीत ती अर्धीच आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशी यंत्रं आता बरेच जण विकतात आणि घेताना विचारायचं सगळीकडे एकच आहे.

सेन्सरला फक्त बोलायचं असतं. सकाळ-संध्याकाळ पातळी पाठवली की पीएसएममध्ये, म्हणजे वीज वाचवायच्या अवस्थेत, गाढ झोप. मधल्या वेळात टॉवरने कितीही हाका मारल्या तरी त्याला ऐकू येत नाहीत, यायची गरजही नाही. झोपेत असं मोड्यूल पाचेक मायक्रोअँपिअर खातं, म्हणजे वर्षाला सुमारे 44 मिलिअँपिअर-अवर. एवढ्याने त्या सेलला काहीच होत नाही.

व्हॉल्व्हला ऐकावं लागतं. काका केळींत उभे राहून फोनवर बटण दाबतात तेव्हा व्हॉल्व्ह नेमका कुठल्या टॉवरखाली आहे हे नेटवर्कला ठाऊक नसतं. म्हणून त्या भागातल्या टॉवरांवरून त्याच्या नावाने हाक जाते, तेच पेजिंग. हाक कोणत्या क्षणी येऊ शकते ते सिमच्या क्रमांकावरून ठरतं, आणि तो क्षण आला की रेडिओ चालू करून कान द्यावाच लागतो, हाक असो वा नसो. तेव्हाचा खर्च पन्नासेक मिलिअँपिअर, झोपेच्या दहा हजार पट. दर 2.56 सेकंदांनी ऐकलं तर दिवसाला 33,750 वेळा. फोनला हे परवडतं, तो रोज चार्जरला लागतो. पोफळीच्या मुळाशी बसलेल्या डबीला परवडत नाही.

इथे कामाला येतं ते ईडीआरएक्स. 2016 साली मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या रिलीज 13 या आवृत्तीत एनबी-आयओटीला ही सोय मिळाली. यंत्र सांगतं, मी इतक्या वेळाने एकदाच ऐकेन. नेटवर्क ते मान्य करतं किंवा बदलून देतं. 20.48 सेकंदांपासून 10,485.76 सेकंदांपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन तासांपर्यंत ते वाढवता येतं. या व्हॉल्व्हचं मला सर्वांत आवडलेलं म्हणजे ही सेटिंग त्यांनी ग्राहकाच्या हातात दिली आहे. शिवाय ॲपमध्ये आपण मागितलेला आकडा आणि नेटवर्कने दिलेला आकडा शेजारी शेजारी दिसतात. फार थोडे विक्रेते एवढा प्रामाणिकपणा दाखवतात.

आधी आम्ही 163.84 सेकंद ठेवून पाहिले. काकांनी लगेच सांगितलं, “बाय, वीस सेकंद मी थांबेन गे, पण बटण दाबून तीन मिनिटं पाटाच्या कडेला उभं कोण राहणार?” त्यांचं बरोबर होतं. उन्हाळ्यात 20.48 वर ठेवतो. पाऊस सुरू झाला की शिंपणंच नसतं, तेव्हा सर्वांत मोठा आकडा देऊन टाकायचा. गोव्यातल्या बागायतीला हंगामाप्रमाणे बदलणारी ही सोय फार उपयोगी आहे.

आता नाराजी. माहितीपत्रकावर ‘वेक-अप सिग्नल’ असं ठळक छापलंय. ही रिलीज 15 मधली सोय आणि खरोखर चांगली. ऐकायच्या ठरलेल्या क्षणाआधी टॉवर एक छोटा इशारा पाठवतो. इशारा नसेल तर यंत्र पेजिंग उलगडायच्या फंदात न पडता पुन्हा झोपतं. रिलीज 16 मध्ये यंत्रांचे गट करता येऊ लागले, म्हणजे त्याच क्षणी ऐकणाऱ्या दुसऱ्या कुणाला हाक आली तर आपलं यंत्र फुकट जागं होत नाही. पण सगळी यंत्रं सारख्या ताकदीची नसतात. एखादं इशारा मिळताच मिलिसेकंदांत तयार होतं. एखादं मुख्य रेडिओ पूर्ण बंद ठेवून छोट्या रिसीव्हरवर इशारा ऐकतं. त्याला उठायला एक-दोन सेकंद हवे असतात. म्हणून यंत्राने आपली कुवत नेटवर्कला आधी कळवायची, आणि टॉवरने त्या बेताने इशारा पुरेसा आधी द्यायचा. टॉवरवर ही सोय चालूच नसेल तर माहितीपत्रकातल्या त्या ठळक ओळीचा उपयोग शून्य. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर मिळालं, “ते नेटवर्क बघून घेईल.” ईडीआरएक्सचा मिळालेला आकडा दाखवणारं ॲप याबाबत मात्र गप्प आहे. फर्मागुडीला इंजिनियरिंग शिकल्यामुळे मला निदान काय विचारायचं ते कळलं. बाकीच्या बागायतदारांनी काय करायचं?

आमच्यासारख्यांना हे जास्त लागतं. कुळागरं डोंगरांच्या मधल्या सखल जागेत, वर माड-पोफळींचं छत, सिग्नल क्षीण. एनबी-आयओटी क्षीण सिग्नलवर मात करतं ते तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवून, गरज पडली तर 2048 वेळांपर्यंत. तेवढा वेळ यंत्राला जागं राहावं लागतं आणि सेल तिथेच झिजतो. म्हणून व्हॉल्व्ह घेणार असाल तर बाहेरच्या अँटेनाचाच घ्या. थोडा महाग पडतो, पण वायर वर चढवून अँटेना माडाला बांधता येते. आम्ही तसं केल्यावर ॲपमधली सिग्नलची पट्टी तळातून मध्यावर आली.