चावट गप्पांचा ग्रुप : व्हॉट्सॲपचं कोकणी परीक्षण

कोकणात चावटपणाला जागा ठरलेली आहे आणि वेळही. रत्नागिरीकडे फाकपंचमीला शिमगा सुरू झाला की होळीच्या मांडावर, म्हणजे गाव जमतं त्या जागेवर, फाका घालतात, चावट आरोळ्या ठोकतात. तिथे जे शब्द मोठ्याने ओरडले जातात ते एरवी कुणी ओटीवर बसून उच्चारणार नाही. नमन या कोकणातल्या लोकनाट्यात गवळण लागली की मावशी आणि कृष्णाचा सवंगडी पेंद्या एकमेकांची अशी खेचतात की पुढे बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा पदर तोंडाला लावून हसतात. मांड सुटला, म्हणजे जमलेले पांगले, की ते बोलणं तिथेच राहतं. आता निम्मे मित्र गावात आणि निम्मे चाकरमानी डोंबिवली-विरारला, त्यामुळे हीच थट्टा वर्षभर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालते, आणि तिथे मांड कधी सुटतच नाही. म्हणून या ॲपचं परीक्षण करताना आम्ही दोन गोष्टी बघतो: चावट बोलण्याला लागणारं कुंपण घालता येतं का, आणि त्यातला न बोललेला भाग न बोललेलाच ठेवता येतो का. दोन्ही जमतं. मात्र सेटिंग हातानं करावी लागतात, आणि बहुतेक ग्रुप ती करत नाहीत.

आधी माल बघू, म्हणजे कुठली सोय कशाला लागते ते कळेल. चांगल्या द्व्यर्थी वाक्याचा पहिला अर्थ शंभर टक्के खरा आणि पुरा असावा लागतो. मे अखेरीला ग्रुपवर कुणी विचारतो, ‘कौलां शाकारून झाली काय रे? पाऊस इलो.’ उत्तर येतं, ‘माझो माळो कोरडो असा, तू तुझी गळती बघ.’ कोकणात त्या दिवसांत शाकारणी, म्हणजे पावसाआधीची छपराची डागडुजी, खरंच चालू असते, म्हणून हे वाक्य आजीनं वाचलं तरी तिला काही वावगं दिसत नाही, आणि ज्याचं लग्न नुकतंच झालंय त्याला मात्र बरोबर लागतं. फणसाचंही तसंच. ‘फणस कापूचो तर हाताक तेल लावूक होया, घाई केलंस तर चीक सुटना नाय.’ यातला शब्द अन् शब्द स्वयंपाकघरातला आहे. ‘बरको काय कापो?’, म्हणजे मऊ गऱ्यांचा फणस की घट्ट गऱ्यांचा, हा तर नुसता प्रश्न, पण कुणाला आणि किती वाजता विचारला यावर सगळं अवलंबून. मच्छीमार मंडळींकडे शीड, नांगर, रापणीचा (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा) दोर आणि भरती आहेच. ‘शीड चढवलंय, पण वारो खंय?’ असं कुणी लिहिलं की बंदरावरचा माणूस लगेच म्हणतो, ‘भरती दिवसातून दोनदा, थांब जरा.’ दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात हे ज्याला माहीत आहे, त्याला या उत्तरातली खरी मजा कळते.

बिघडतं ते तीन ठिकाणी. वाक्यामागे डोळा मारणारं इमोजी लावलं की दुसरा अर्थ सांगून टाकल्यासारखा होतो आणि वाचणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. कुणी ‘कळलं नाही’ म्हटल्यावर समजावून सांगितलं तरी तेच. आणि ग्रुपमधल्याच कुणा बाईच्या किंवा पुरुषाच्या अंगाबद्दल बोललं, तर ती थट्टा राहत नाही. एका वाक्यावर दोन, फार तर तीन उत्तरं. चौथ्याला हटकून कुणीतरी उघडं बोलून बसतो.

वांग्याच्या इमोजीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: ते वापरू नका. २०१० मध्ये युनिकोड या अक्षर-चिन्हांच्या जागतिक मानकाच्या ६.० आवृत्तीत ते आलं, आणि २०१५ मध्ये इन्स्टाग्रामनं हॅशटॅगच्या शोधातून ते काढून टाकलं, इतका त्याचा अर्थ तोवर उघडा पडला होता. पीचच्या इमोजीचंही तेच झालं. २०१६ मध्ये ॲपलनं चाचणी आवृत्तीत त्याचा आकार खऱ्या फळासारखा केला, तेव्हा लोकांनी ओरड केली आणि जुना आकार परत आणावा लागला. ज्या चित्राचा एकच अर्थ उरला त्यात चावटपणा कसला? ती पाटी झाली. त्यापेक्षा माडाचं किंवा होडीचं साधं इमोजी बरं, कारण समुद्रकिनाऱ्यावरच्या ग्रुपमध्ये ते दिवसातून दहा वेळा सरळ अर्थानंही येतं.

आता ॲप. सगळ्यांत मोलाची सोय म्हणजे व्हॉइस मेसेज. मालवणीतली अर्धी गंमत हेलात आहे. ‘बरा असा मां?’ हे लिहिलं तर चौकशी, आणि ‘बरा’ लांबवून म्हटलं तर भलतंच. लिखाणात हा हेल येत नाही, म्हणून ज्यांना बोलता येतं त्यांनी लिहूच नये. फक्त ऐकणाऱ्यानं वेग १ वरच ठेवावा. दीडपट किंवा दुप्पट वेगानं ऐकलं तर मधली थांबण्याची जागा जाते आणि तिच्याबरोबर विनोदही. एसटीत असाल तर फोन कानाला लावून ऐका, बहुतेक फोनवर आवाज स्पीकरऐवजी कानापुरता येतो. पाठवताना एकदाच ऐकण्याची खूण, वर्तुळातला १, दाबली तर मेसेज एकदा ऐकला की जातो. आवाजासाठी ही सोय डिसेंबर २०२३ पासून आहे, फोटोसाठी २०२१ पासून. उघडला नाही तर १४ दिवसांनी तो आपोआप बाद होतो. अशा फोटोचा स्क्रीनशॉट ॲप घेऊ देत नाही, पण शेजारी दुसरा फोन धरून फोटो काढता येतोच, तेव्हा त्याच्या भरवशावर कुणाचा खासगी फोटो पाठवू नये.

दुसरी मोठी सोय उत्तराची. मेसेज उजवीकडे सरकवून त्यालाच चिकटवून उत्तर द्यायचं, ही सवय कोकणात नसली तर घोटाळा ठरलेला. कारण रेंज. दरीतल्या वाडीत पावसात वीज गेली, टॉवर बंद पडला, की तुमचं उत्तर घड्याळाची खूण दाखवत अडकून पडतं. चार तासांनी रेंज येते आणि ते सुटतं. तोवर ग्रुपवर कुणाच्या तरी वडिलांच्या निधनाची बातमी येऊन वीस जणांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलेली असते, आणि त्याच्या खाली तुमचं ‘घाई करू नको, तेल लाव’ जाऊन बसतं. चिकटवलेलं उत्तर असेल तर निदान ते कशाला दिलंय हे दिसतं. त्याहून चांगलं म्हणजे घड्याळाची खूण पाच मिनिटांत गेली नाही, तर मेसेजवर बोट दाबून धरून तो आपणच काढून टाकावा. शिळा विनोद उशिरा पोहोचण्यापेक्षा न पोहोचलेला बरा.

चूक झालीच तर दोन वाटा आहेत, आणि लोक हमखास चुकीची निवडतात. सर्वांसाठी मेसेज पुसायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, पण मागे ‘मेसेज पुसला’ अशी खूण राहते आणि दहा जण विचारतात, काय होतं रे? त्यापेक्षा १५ मिनिटांच्या आत असाल तर मेसेज बदला. मे २०२३ पासून ही सोय आहे. बदलाचं वेगळं नोटिफिकेशन जात नाही, बाजूला फक्त बदलल्याची बारीक खूण येते. एक शब्द बदलून वाक्य निखळ फणसाचं करता येतं. मात्र ज्यांच्या स्क्रीनवर आधीचं नोटिफिकेशन उतरून गेलं त्यांनी ते वाचलेलं असू शकतं.

नाहीसे होणारे मेसेज हे खरं कुंपण. नोव्हेंबर २०२० मध्ये ७ दिवसांची मुदत आली, डिसेंबर २०२१ मध्ये २४ तास आणि ९० दिवस. आम्ही ७ दिवस सुचवतो. २४ तासांत रात्रपाळीचा चाकरमानी वाचायचा राहतो आणि मग ‘काय झाला, काय झाला’ करत सगळं पुन्हा उगाळायला लावतो. ९० दिवस म्हणजे जवळजवळ गणपतीपासून नाताळापर्यंत, त्याचा काही उपयोग नाही. दोन छिद्रं लक्षात ठेवा: मुदत लावल्यानंतरच्या मेसेजनाच ती लागते, आणि उत्तरात चिकटलेला जुना मजकूर मूळ मेसेज गेल्यावरही काही वेळ राहू शकतो. गॅलरीत आपोआप उतरलेला फोटो तर जातच नाही. त्यासाठी ग्रुपच्या माहितीत जाऊन मीडिया गॅलरीत दिसणं बंद करा. मुलं फोन घेऊन खेळतात त्या घरात हे पहिलं काम.

एप्रिल २०२५ मध्ये आलेली प्रगत चॅट प्रायव्हसी चालू केली तर ग्रुपचं संभाषण निर्यात करता येत नाही आणि फोटो-व्हिडिओ आपोआप उतरत नाहीत. स्क्रीनशॉट ती थांबवत नाही. चॅट लॉकनं ग्रुप वेगळ्या खणात जातो, बोटाच्या ठशानं उघडतो, आणि नोटिफिकेशनमध्ये ना नाव दिसतं ना मजकूर. एवढं करूनही ऑफिसच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडं ठेवून चहाला गेलात तर सगळं वाया. जोडलेल्या उपकरणांची यादी महिन्यातून एकदा बघावी.

स्टिकर हा विभाग चांगला आहे, आणि स्वतः केलेला माल बाजारच्या मालापेक्षा केव्हाही सरस. स्टिकरच्या ट्रेमध्ये नवा बनवा, गॅलरीतला फोटो निवडा, ॲप मागची बाजू आपोआप कापतं. बाहेरच्या ॲपमधून पॅक करायचा तर चित्र ५१२ बाय ५१२ पिक्सेल, वेबपी स्वरूपात, स्थिर असेल तर १०० केबीच्या आत, हलतं असेल तर ५०० केबीच्या आत. एका पॅकमध्ये किमान ३ आणि जास्तीत जास्त ३० स्टिकर. फोटो दिवसाउजेडी, साध्या भिंतीसमोर काढा, नाहीतर फणसाच्या काट्यांची कड तुटकी कापली जाते. विषय निरागस निवडा: अर्धा उघडलेला फणस, पाट्यावर आडवा वरवंटा, कलंडलेली होडी, अढीतला पिवळा पडू लागलेला आंबा. लिहायचं झालं तर खाली दोन शब्द, ‘दाबू नको’. आंब्यालाही ते लागू आहेच. मित्राच्या किंवा त्याच्या बायकोच्या चेहऱ्याचं स्टिकर मात्र करू नये. ते एकदा बाहेर पडलं की परत आणता येत नाही.

मतदानात १२ पर्यंत पर्याय देता येतात. ‘बरका’ आणि ‘कापा’ एवढ्या दोनांवर ग्रुप रात्रभर जागा राहतो. पण कुणी काय निवडलं हे नावानिशी सगळ्यांना दिसतं, त्यामुळे लाजाळू माणसं मत देत नाहीत आणि निकाल तीन-चार वाचाळांचाच लागतो. टेलिग्रामवर मतदान निनावी ठेवता येतं, एवढ्यापुरतं ते पुढे. शिवाय तिथे मेसेज ४८ तासांपर्यंत बदलता येतो. पण टेलिग्रामचे साधे ग्रुप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कूटबद्ध (म्हणजे पाठवणारा आणि वाचणारा सोडून कुणाला वाचता न येणारे) नसतात, व्हॉट्सॲपचे असतात. सिग्नल नावाचं ॲप या बाबतीत उत्तम आहे, फक्त गावातली माणसं तिथे नाहीत, आणि दोघांच्या ग्रुपमध्ये नमन रंगत नाही.

कायद्याचा भागही सेटिंगइतकाच माहीत हवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसारित केल्यास पहिल्या दोषसिद्धीला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, कलम ७५ लैंगिक शेरेबाजीसाठी आणि कलम ७९ स्त्रीच्या विनयाचा अवमान करणाऱ्या शब्द-हावभावांसाठी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं की सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला, दोघांचा समान हेतू असल्याशिवाय, जबाबदार धरता येत नाही. म्हणून ॲडमिननं हात झटकावेत असं नाही. २०२२ पासून त्याला कुणाचाही मेसेज सर्वांसाठी काढता येतो. ते काम त्यानं लगेच करावं.

ग्रुप काढताना दहावीच्या बॅचचा जुना ग्रुप यासाठी वापरू नका. तिथे सगळ्यांनी चावट गप्पांना होकार दिलेला नसतो, आणि कुणी कुणाची नणंद, कुणी कुणाचा जावई निघतो. वेगळा ग्रुप काढा, विचारून माणसं घ्या, अठराच्या खालचं कुणी नको, नवीन माणूस ॲडमिनच्या मंजुरीनंच येईल असं सेटिंग ठेवा. ग्रुपचं नाव ‘हापूस हंगाम’ किंवा ‘शाकारणी’ असं काही ठेवलं तर स्क्रीनवर दिसलं तरी चालतं. कुणी निघून गेला तर त्याची सूचना २०२२ पासून फक्त ॲडमिनला जाते. त्याला परत ओढू नये, आणि का गेलास असं चारचौघांत विचारू नये.